रात्री घराला कुलूप नीट लावता का?

या खेपेला आलेल्या पत्रांतली चार एकाच खुंटीला बांधलेली निघाली. माणूस गुन्हा करतो तो स्वभावामुळे का, हा सगळ्यांचा प्रश्न. म्हणून चारही एकत्र घेतेय. नावं नेहमीसारखी गाळली आहेत. पत्रं कापून लहान केली आहेत, भाषा ज्याची त्याची ठेवली आहे.

*

«ताई, सा. न. मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत. दिवाळीपासून माझ्या पर्समधून पैसे जातात. आधी वीस-पन्नास, आता थेट पाचशेची नोट. विचारलं तर डोळ्याला डोळा भिडवून 'मी नाही' म्हणतो. यांनी पट्ट्याने मारलं तरी रडला नाही. शेजारच्यांची गाडी न विचारता काढून ओढ्यापर्यंत जाऊन आला. यांचे एक चुलत भाऊ भांडणात चाकू चालवला म्हणून आत जाऊन आलेत. सासूबाई म्हणतात, त्याचंच रक्त. जावेने मोबाईलवर एक चाचणी पाठवली, 'तुमचं मूल सायकोपॅथ आहे का?' दहा प्रश्न होते. मी भरली, आठ आले. तेव्हापासून झोप नाही. त्याची खरी टेस्ट करून घ्यावी का?
– एक आई, तासगाव तालुका»

आधी ती चाचणी फोनमधून काढून टाका. जावेला वाईट वाटलं तर खुशाल माझं नाव सांगा.

ज्या चाचणीची ही उष्टी नक्कल आहे ती कॅनडातल्या रॉबर्ट हेअर यांनी तुरुंगातल्या मोठ्या माणसांवर काम करून बसवली. त्यात २० मुद्दे आहेत, प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण, म्हणजे कमाल ४०. अमेरिकेत गुण ३० किंवा वर गेले तरच 'सायकोपॅथ' हा शब्द वापरतात. गुण द्यायला शिकलेला माणूस लागतो, लांबलचक मुलाखत लागते आणि वर त्या कैद्याची सगळी फाईल लागते, कारण असला माणूस मुलाखतीत गोड बोलणार हे त्यात धरूनच चाललेलं आहे. तेरा वर्षांच्या पोराबद्दल आईने रात्री घाबरून भरलेले दहा प्रश्न म्हणजे ती चाचणी नव्हे. 'समाजविघातक व्यक्तिमत्त्व' हे निदान १८ वर्षांच्या आत करायचंच नाही असा मानसोपचारात नियम आहे. तो कोणाची दया येऊन केलेला नाही. खोटं बोलणारी, शाळा बुडवणारी, हात चलाख असलेली बहुतेक पोरं पंचविशी-तिशीत गाडीचे हप्ते भरताना दिसतात, हे लोकांनी वर्षानुवर्षं पाहिलंय.

आता रक्ताचं. डेन्मार्कमध्ये १९२४ ते १९४७ या काळात दत्तक गेलेल्या चौदा हजारांवर मुलामुलींच्या नोंदी कोर्टाच्या नोंदींशी लावून पाहिल्या गेल्या. जन्म देणारे आणि वाढवणारे दोघेही कधी शिक्षा न झालेले, अशांच्या मुलग्यांपैकी १३.५ टक्क्यांना पुढे कधीतरी शिक्षा झाली. जन्मदात्यांपैकी कोणाला शिक्षा झालेली पण वाढवणारे सरळ, अशांत हा आकडा २० टक्के निघाला. म्हणजे सासूबाई अगदीच हवेत बोलत नाहीत. पण त्याच आकड्यात ऐंशी टक्के मुलं कोरी सुटली, हेही त्यांना वाचून दाखवा. शिवाय हा फरक दिसला तो चोरी-लबाडीच्या गुन्ह्यांत. मारामारी, चाकू यांत तो दिसलाच नाही. आणि तिथे प्रश्न सख्ख्या आईबापाचा होता. चुलत काकापर्यंत रक्त मोजत निघालो तर तालुक्यात एक घर उरायचं नाही.

तुमच्या पत्रात मी खूण केली ती दुसऱ्याच ओळीवर: पट्ट्याने मारलं तरी रडला नाही.

काही मुलं मुळातच कमी घाबरतात. पाळण्यापासून तशी असतात. मोठा आवाज झाला तर बाकीची दचकतात, ही बघायला जातात. मिनेसोटाचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड लिकन यांचं गाजलेलं काम या न घाबरण्यावर होतं, आणि ते म्हणत की शूरवीर आणि अट्टल गुंड एकाच झाडाच्या फांद्या आहेत. अशा मुलाला मारून काय होतं? आपल्याला मार सोसतो, एवढंच ते शिकतं. आयोवातल्या ग्राझिना कोचान्स्का यांनी लहान मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. भित्र्या स्वभावाच्या मुलांना सौम्य शिस्त पुरते असं त्यांना दिसलं. निडर मुलांत मात्र शिस्तीने फारसं हलत नाही. त्यांचं मन खाऊ लागतं ते आईशी असलेल्या विश्वासाच्या नात्यापोटी. माझ्यावर माया करणाऱ्या माणसाला वाईट वाटेल, हीच काय ती त्यांची भीती.

हे मी पुस्तकात नंतर वाचलं. आधी पाहिलं होतं. मी बावीस वर्षं आठवड्यातून दोनदा एका निरीक्षणगृहात जात होते, लोक त्याला अजून रिमांड होमच म्हणतात. तिथे विहिरीवरच्या मोटारींची केबल कापून तांबं विकणारा एक चौदा वर्षांचा मुलगा आला. अधीक्षक ओरडले की तो त्यांच्या शर्टाची बटणं मोजत उभा राहायचा. स्वयंपाकाच्या मावशींनी काय केलं, तर कोठीघराची किल्ली त्याच्याच गळ्यात घातली. आम्ही सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. चार महिने कोठीतलं काही हललं नाही. मग एकदा गुळाची ढेप फुटलेली निघाली. कोणी विचारायच्या आत हा मावशींच्या मागे जाऊन उभा राहिला आणि त्यांच्या पदराला हात पुसत म्हणाला, "म्या खाल्ला." अधीक्षकांकडे गेला नाही, माझ्याकडेही आला नाही. मावशींनी त्याला त्या दिवशीचा चहा बिनगुळाचा दिला आणि किल्ली काढून घेतली नाही.

तुम्ही काय करायचं? पट्टा आजपासून बंद, हे यांना तुम्हीच सांगायचं. पर्स कपाटात ठेवा, पण गाजावाजा न करता. पैसे जातात कुठे ते शोधा. या वयात बहुतेक वेळा उत्तर मोबाईलवरच्या खेळात नाहीतर वयाने मोठ्या एखाद्या मित्रात सापडतं. गाडीच्या पेट्रोलचे पैसे त्याने स्वतःच्या खाऊच्या पैशांतून शेजाऱ्यांना नेऊन द्यावेत, तुम्ही सोबत जा पण बोलू नका. आणि अंगातली ती रग कुठेतरी खर्च होऊ दे, मल्लखांब म्हणा, कबड्डी म्हणा, विहिरीत पोहणं म्हणा. संध्याकाळी चार ते सात तो कोणाच्या नजरेखाली असतो, हा प्रश्न मला कुठल्याही चाचणीपेक्षा मोलाचा वाटतो. मात्र मुक्या जनावरांना हाल करून मारणं, आग लावणं, दुसऱ्याला लागलं तरी चेहऱ्यावर काहीच न उमटणं, यातलं काही दिसत असेल तर थांबू नका. सिव्हिल हॉस्पिटलच्या मनोविकार विभागात दाखवा, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलतात.

*

«मॅडम, ३४ वर्षं खात्यात काढली, त्यातली अकरा डीबी म्हणजे गुन्हे शोध पथकात. चोर मला चालीवरून कळतो, नजरेवरून कळतो. तेच तेच लोक पुन्हा पुन्हा हाती लागतात. काही जमातींत तर ते जन्मजातच असतं, तुम्ही माना न माना. तुमचे ते कागद-पेन्सिलीचे प्रश्न कशाला पाहिजेत?
– निवृत्त हवालदार, सोलापूर»

हवालदारसाहेब, पोटातलं ओठावर आणलंत, बरं केलंत. तुमचं अर्धं पत्र मला मान्य आहे. उरलेल्या अर्ध्यावर मी भांडणार आहे.

तेच तेच लोक, हे खरं. फिलाडेल्फियात १९४५ साली जन्मून तिथेच वाढलेल्या ९,९४५ मुलग्यांची पोलिसांकडची नोंद अभ्यासकांनी तपासली. त्यातल्या ६२७ जणांच्या नावावर निम्म्याहून जास्त गुन्हे निघाले. शंभरातले सहा. घरफोडी झाली की आधी तुरुंगातून 'बाहेर कोण आलंय' ते बघायचं ही तुमची पद्धत आकड्यांत बसते.

चाल आणि नजर मात्र सोडा. तुमच्या आधी हे म्हणणारा इटलीचा डॉक्टर लोंब्रोसो होऊन गेला. एका मेलेल्या चोराच्या कवटीत त्याला मागच्या बाजूला एक खळगा दिसला आणि त्यावरून त्याने १८७६ साली ग्रंथ लिहिला की गुन्हेगार हा जन्माने मागासलेला, आदिमानवाच्या वळणाचा माणूस. जबडा मोठा, हात लांब, कान असे, भुवया तशा. इंग्लंडच्या तुरुंगातले डॉक्टर चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे तीन हजार कैदी पट्टीने मोजले आणि इतर लोकांशी ताडून पाहिले, त्यात विद्यार्थी होते, सैनिक होते. १९१३ साली निकाल छापला: असा वेगळा दिसणारा गुन्हेगार नावाचा प्राणी सापडत नाही. तुम्हाला जो चालीवरून कळला तो सापडल्यावर लक्षात राहिला. ज्याची चाल तशीच होती आणि जो निमूट घरी गेला, त्याचा पंचनामा कोणी केला नाही.

जमातीचं तुम्ही लिहिलंत ते सोलापुरातून लिहिलंत, याचं मला जास्त वाईट वाटलं. तुमच्या शहरात आजही 'सेटलमेंट' म्हटलं की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. ती कसली सेटलमेंट? १८७१ साली इंग्रजांनी उत्तरेत गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो पुढे देशभर पसरला. कैकाडी, पारधी, भामटे, मांग गारुडी अशा जमाती जन्मावरून गुन्हेगार ठरल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणात त्यांना ठेवलं. गिरणीत कामाला जायचं, येऊन हजेरी द्यायची, परगावी जायचं तर परवाना. नुकतं जन्मलेलं मूलही त्याच वहीत. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला उठला, म्हणून ते 'विमुक्त'. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि जुनी वही नव्या पुठ्ठ्यात शिवली गेली. जमातीचा स्वभाव मोजून कोणी हे केलं नव्हतं. आधी वही उघडली, मग स्वभाव लिहिला.

कागद-पेन्सिलीवर माझाही फार जीव आहे असं समजू नका. एका तुरुंगात मी लंडनचा मानसशास्त्रज्ञ आयझेंक याची स्वभाव मोजणारी प्रश्नावली मराठी करून कैद्यांना वाचून दाखवत असे, कारण निम्म्यांना लिहिता येत नव्हतं. 'कंटाळवाण्या पार्टीत तुम्ही जान आणू शकता का?' या प्रश्नावर सांगोल्याकडचे एक म्हातारे गंभीरपणे म्हणाले, "पार्टी म्हंजी शेकाप का काँग्रेस?" दुसरा प्रश्न, 'कर्ज झालं तर तुम्हाला काळजी वाटेल का?' सोसायटीचं कर्ज तीन पिढ्या फिरवत आलेला शेतकरी. "न्हाई वाटत आता," म्हणाला. कर्जाची काळजी नाही, म्हणून निष्ठुरपणाच्या रकान्यात त्याला एक गुण.

मग आला पारधी समाजातला एक तरुण. प्रश्न होता, 'रात्री घराला कुलूप नीट लावता का?' तोही त्याच रकान्यातला. जो लावत नाही तो बेफिकीर, असं लंडनमध्ये धरलेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, वर बराकीच्या गजांकडे पाहिलं. "बाई, पालाला कुठं दार असतंय? आन् हितं कुलूप लावायला दुसरा माणूस हाय." मी सुपारी लागल्यासारखी बसले. पेन्सिल हातात होती. नियमाप्रमाणे 'नाही' ला खूण करायची होती आणि मी ती केली, साहेब. त्याचा एक गुण वाढला. तो कागद पुढे कोणाच्या तरी अहवालात 'या गटात मनोविकृतीचं प्रमाण जास्त' अशा एखाद्या वाक्यात विरघळला असेल. तुम्ही नजरेने जे करता ते मी पेन्सिलीने केलं.

३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांमधली जातीवरून कामं वाटण्याची कलमं रद्द केली, आणि विमुक्त जमातींना सराईत धरणारी कलमंही. सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी ते प्रकरण नेलं होतं. निकाल मिळवून वाचा. तुम्ही खात्यात ३४ वर्षं काढलीत, तेव्हा कुठलं कलम प्रत्यक्षात कसं वापरलं जात होतं हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत असणार. त्यावर पत्र लिहिलंत तर मी ते न कापता छापेन.

*

«मॅडम, एम.ए. मानसशास्त्राला आहे. गुन्हेगारी मानसशास्त्राच्या पेपरला आयझेंकचा सिद्धान्त हमखास येतो. सर म्हणतात तो कालबाह्य, गाईडमध्ये लिहिलंय तो महत्त्वाचा. खरं काय?
– एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर»

दोन्ही खरं. आधी परीक्षेपुरतं.

हान्स आयझेंक १९१६ साली बर्लिनमध्ये जन्मला, हिटलर सत्तेवर आल्यावर १९३४ मध्ये देश सोडला आणि लंडनमध्ये नाव काढलं. १९६४ च्या पुस्तकात त्याने मांडलं की सदसद्विवेकबुद्धी ही अंगवळणी पडलेली भीती आहे. पोर साखरेच्या डब्यात हात घालतं, धपाटा बसतो. पुढच्या वेळी डबा दिसला की धपाट्याआधीच पोटात गोळा येतो. असे शेकडो गोळे साठले की आपण म्हणतो, याला मन खातं. बहिर्मुख माणसाचा मेंदू मुळात कमी चेतलेला, त्यामुळे त्याला सतत काहीतरी घडायला हवं असतं, आणि धपाटा व गोळा ही जोडी त्याच्यात पक्की व्हायला वेळ लागतो. सोबत भावनिक अस्थैर्य असलं तर लागलेल्या वाईट सवयीला आणखी जोर येतो. सत्तरच्या दशकात त्याने तिसरी मिती जोडली, सायकोटिसिझम. गाईडात 'मनोविकृती' लिहिलं असेल. शब्द फसवा आहे. त्यात मोजतात तो रुक्षपणा, निष्ठुरपणा, बेपर्वाई. हवालदारसाहेबांच्या उत्तरातला कुलपाचा प्रश्न वाच, तो त्यातलाच.

आता पुढचं. बहिर्मुखतेचा भाग फारसा टिकला नाही. कैदी इतरांपेक्षा बहिर्मुख आहेत, हे अभ्यासांत नेमाने सापडत नाही. सायकोटिसिझम टिकला, पण तो टिकणारच होता. 'लोकांची तुम्हाला पर्वा वाटते का' अशा वळणाचे प्रश्न विचारायचे आणि मग ज्यांना वाटत नाही ते गुन्हे करतात असा शोध लावायचा, म्हणजे घाण्याच्या बैलाने आपण किती कोस आलो ते मोजायचं. अस्थैर्याचं तर आपल्याकडे आणखीनच गंमतशीर आहे. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी. चारातल्या तिघांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही. पुढची तारीख कधी, वकील येणार का, घरी कोण कमावतंय, या विवंचनेत असलेल्या माणसापुढे 'तुम्हाला उगाच काळजी वाटते का?' हा प्रश्न ठेवायचा, आणि निघालेला आकडा 'गुन्हेगाराचं व्यक्तिमत्त्व' म्हणून प्रबंधात घालायचा. असे प्रबंध मी तपासले आहेत, आणि सांगायला लाज वाटते, काही पासही केले आहेत.

तुलनेच्या 'सामान्य' गटाचंही ऐकून ठेव. एकदा बाहेरचे तीस जण हवे होते, म्हणून ओळखीपाळखीतून गोळा केले. त्यात एक मुलगा होता, इतका नम्र की प्रश्नावली परत देताना कागद माझ्याकडे सुलटा फिरवून ठेवला. गुण आदर्श. उत्तरं सजवून दिलीत का ते पकडणाऱ्या खोटेपणाच्या मोजपट्टीवरही काही संशयास्पद नव्हतं. सात वर्षांनी त्याने भिशी काढली आणि एका सकाळी फ्लॅटला टाळं लावून गेला. माझ्या धाकट्या बहिणीचे त्यात चाळीस हजार होते. तो कधी सापडला नाही, म्हणजे आज मी पुन्हा अभ्यास काढला तरी तो सामान्य गटातच बसेल.

मग स्वभावाचा काही संबंधच नाही का? आहे, आणि तो नाकारणाऱ्या समाजशास्त्राच्या मंडळींशीही माझं जमत नाही. न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेली १,०३७ मुलं आजतागायत अभ्यासाखाली आहेत. आईबाप, शिक्षक, निरीक्षक आणि पुढे मुलं स्वतः, या सगळ्यांच्या सांगण्यावरून त्यांचं लहानपणचं आत्मनियंत्रण मोजलं. वाट बघता येते का, हातातलं पुरं करतो का, चिडला की हात उचलतो का. सगळ्यात कमी नियंत्रणाच्या एक पंचमांश मुलांपैकी ४३ टक्क्यांना वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत कोर्टात शिक्षा झालेली होती, सगळ्यात जास्तवाल्यांत १३ टक्के. हा फरक मोठा आहे. पण त्या ४३ च्या पलीकडे ५७ आहेत, हेही त्याच ओळीत वाचायचं. माझ्या माहेरच्या भाषेत सांगायचं तर स्वभाव म्हणजे रानाचा उतार. पाऊस पडला की पाणी तिकडेच ओढ घेणार. ताल, म्हणजे बांध, कुठे घातलेत, फुटलेत का, ते बघितल्याशिवाय माती वाहून जाईल की नाही ते सांगता येत नाही.

आज लोक पंचघटक, म्हणजे स्वभावाचे पाच मोठे घटक, मोजतात. त्यातले दोन गुन्ह्याशी पुन्हा पुन्हा जोडलेले दिसतात: दुसऱ्याशी जुळवून घेण्याची वृत्ती कमी, आणि कर्तव्यदक्षता कमी. त्या प्रश्नावलीचं मराठी रूप पुण्यात झालेलं आहे, ग्रंथालयात शोध. स्वभावाला ताल घालता येतो का, तर शिकागोतल्या एका कार्यक्रमात मुलांना एक खेळ देतात: जोडीदाराच्या मुठीतला चेंडू तीस सेकंदांत मिळव. सगळे बोटं पिळतात, मनगट आवळतात. नंतर विचारतात, 'दे ना' असं कोणी म्हटलं का? कोणीच म्हटलेलं नसतं. अशा प्रसंगांतून थांबायला शिकवणारा तो कार्यक्रम चालू असताना मुलांची हिंसक गुन्ह्यांतली अटक जवळजवळ निम्म्याने कमी झाली. कार्यक्रम संपल्यावर तो फायदा तितका टिकला नाही, हेही लिही. परीक्षक खूश होतील.

आणि हो, २०१९ मध्ये किंग्ज कॉलेज लंडनने चौकशी करून आयझेंकच्या सहलेखनातले २६ शोधनिबंध भरवसा ठेवण्याजोगे नाहीत असं ठरवलं. ते व्यक्तिमत्त्व आणि कॅन्सर, हृदयविकार अशा आजारांवरचे होते, गुन्ह्यांवरचे नव्हते. एका ओळीत उल्लेख कर, पण त्यावरून बाकीचं सगळं खोटं असं लिहू नकोस, तेवढे मार्क जातील.

*

«मावशी, मोठा भाऊ सात वर्षं शिक्षा भोगून पुढच्या महिन्यात सुटतोय. बावीस वर्षांचा होता, दारू पिऊन मारामारी, एकाचा हात कायमचा गेला. आई-वडील राहिले नाहीत. नवरा म्हणतो, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. घरी आणू का?
– बीड»

ती म्हण आकड्यांना मान्य नाही, असं जावईबापूंना सांग. गुन्ह्यांचं प्रमाण जगात बहुतेक ठिकाणी विशीच्या आसपास सगळ्यात वर असतं आणि मग उतरत जातं. स्वभावाच्या मोजण्यांतही तेच: विशी ते चाळिशीत माणसं सरासरीने जास्त जबाबदार आणि जास्त सोशिक होतात. तुझा भाऊ आत असतानाच त्या वळणावरून पुढे आलाय. पण सरासरी तुझ्या घरात राहायला येणार नाही, तो येणार आहे. म्हणून सुटायच्या आधी एकदा भेटून ये आणि दारूचं तोंडावर विचार. त्याच्या गुन्ह्यात मला स्वभावापेक्षा बाटली जास्त दिसते. आत सक्तीने सुटलेली दारू बाहेर आल्यावर पुन्हा लागायला एक संध्याकाळ पुरते. जुन्या दोस्तांच्या गावात त्याला ठेवायचं की तुमच्याकडे, याचा निर्णय त्यावर घे. नवऱ्याला हो म्हणायला लावू नकोस, तीन महिन्यांची मुदत ठरवून घ्या, आणि ती भावालाही माहीत असू दे. सुटला की आधार आणि बँकेचं काम पहिल्या आठवड्यातच उरका. नाहीतर मजुरीचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर येतात आणि भांडणाला तिथून सुरुवात होते.

पहिल्या दिवसांत दोन गोष्टी दिसतील. बराकीत रात्रभर दिवा चालू असतो, त्यामुळे काळोखात त्याला झोप येणार नाही. मोरीतला दिवा राहू दे. आणि तो दारापाशी येऊन नुसता उभा राहील, कोणीतरी उघडेल म्हणून. मुलांना आधीच सांगून ठेव, हसायचं नाही. रात्री बाहेरच्या दाराला कुलूप लावायचं काम त्याच्याकडे दे. किल्ली कुठल्या खिळ्याला अडकवता ते त्याला दाखवून ठेव.